पाचर

पोलीस ठाण्यात जमा करायला नेलेली रिव्हॉल्वरची पेटी दामिनी दुपारी तशीच परत घेऊन आली. रमाबाई बाहेरच्या खोलीत नवऱ्याला पेज भरवत होत्या. पेटी पाहून त्यांनी चमचा वाटीत ठेवला आणि काय झालं म्हणून विचारलं. दामिनीनं पेटी दिवाणाखाली सरकवली, आधी पाणी प्याली, मग सांगितलं.

आचारसंहिता लागली की लायसनवाल्यांनी हत्यारं ठाण्यात जमा करायची, हे या घराला नवीन नव्हतं. दर निवडणुकीला दामिनीचे वडील आनंदराव स्वतः जात. पेटी बंदच असे. ठाण्याचं रजिस्टर सांभाळणारा जुना मुंशी ओळखीचा होता, तो झाकणावर चिठ्ठी डकवून पावती देई. पण मार्चमध्ये आनंदरावांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं चार-दोन शब्दांवर आलं. म्हणून यंदा दामिनी त्यांचा अंगठा घेतलेलं पत्र घेऊन गेली होती. मुंशीही बदललेला. ओमप्रकाश नावाच्या त्या हवालदारानं पेटी उघडली, रिव्हॉल्वर खिडकीच्या उजेडात धरलं, गोळ्यांच्या चकरीच्या तोंडाशी वाकून पाहिलं आणि ते टेबलावर अलगद ठेवून दोन पावलं मागं सरला.

"मैडम, ये तो भरी हुई है," तो म्हणाला.

ते कारतुसाचं रिव्हॉल्वर नव्हतं. दामिनीचे आजोबा डोमाजी कापगते साकोलीकडच्या एका मालगुजाराकडे रखवालदार होते. अठ्ठावन्न साली ते भिलाईच्या पोलाद कारखान्यात खलाशी, म्हणजे मदतनीस मजूर, म्हणून निघाले तेव्हा मालगुजारानं आपलं जुनं विलायती हत्यार त्यांना दिलं. त्याच्या सहा घरांच्या चकरीत तोंडाकडून काळी बारूद ओतायची, वर शिशाची गोळी ठासायची आणि मागं प्रत्येक घराच्या बारीक निप्पलवर तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडला की बार उडे. सहापैकी पाच घरांत गोळ्या होत्या. ओमप्रकाशनं रजिस्टर मिटलं. असलं जुनं काम त्यांच्याकडे कोणी उघडत नाही, रिकामं करून परवापर्यंत आणा, नाहीतर वर कळवावं लागेल, एवढंच तो बोलला.

दामिनी तिथूनच दुर्गला बंदुकीच्या दुकानात गेली. दुकानदारानं सांगितलं की काळी बारूद कोरडी राहिली तर वीस वर्षांनीही जागी असते. चकरी काढल्याशिवाय ती रिकामी करता येणार नाही. चकरी मधल्या दांड्यावर फिरते, नळी त्याच दांड्यात पुढून बसते, आणि दोघांना धरून ठेवते ती आडवी ठोकलेली एक पोलादी पाचर. ती पाचरच अडकली होती. त्यानं बोटानं चाचपून पाहिलं. "ये पच्चर कंपनी की नहीं है, किसी ने हाथ से बनाई है. जिसने बनाई, उसी से निकलवाइए."

पाचर कोणी बनवली हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ती आनंदरावांचा धाकटा भाऊ लहानू यानं नंदिनी गावच्या चुनखडीच्या खाणीतल्या वर्कशॉपमध्ये बनवली होती, आणि लहानू एकोणीस वर्षं या घरी आला नव्हता.

"दुसरा कोनी पाय," रमाबाई म्हणाल्या. "तो मानूस माया घरात नाई पायजे."

दामिनी हथखोजच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करते. कोणतं काम कोणाच्या हातचं हे तिला कळतं. दुसरा कोणी नाही, असं तिनं आईला सांगितलं. मग इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात ऐकत उभ्या असलेल्या बेबीताई पुढं आल्या. या दोघा भावांची बहीण, वयानं मधली. रायपूरला एकट्याच असत. आनंदराव आजारी पडल्यापासून इथंच होत्या. त्यांनी भावजयीकडे पाहिलंही नाही, आपला मोबाईल दामिनीला दिला आणि लहानूचा नंबर लावून द्यायला सांगितलं.

दामिनीच्या एक गोष्ट लक्षात राहिली. भरलेली हाय, असं ती म्हणाली तेव्हा आई दचकली, आत्या दचकली. बाबूजी दचकले नाहीत. त्यांनी मान भिंतीकडे वळवली होती.

*

लहानू कापगते बहात्तर वर्षांचा होता. नंदिनी नगरातून रिटायर झाल्यावर मुलाच्या, विक्कीच्या, घरी राहत होता. फोन आला तेव्हा तो कुलरची मोटर उघडून बसला होता. बहिणीचा आवाज ऐकून त्याला वाटलं, दादा गेला. बेबीताईंनी सगळं सांगितलं. शेवटी त्यानं एकच विचारलं, टोप्या बसवलेल्या हायेत का. बेबीताईंना ते ठाऊक नव्हतं. पेटीला कोनी हात लावू नोको, उद्या सकाळी येतो, एवढं सांगून त्यानं फोन ठेवला.

विक्की खाणीत ठेक्यावर डंपर चालवत असे. थोरल्या काकांकडून, मोठेबाबूजींकडून, बोलावणं आलं हे ऐकून त्याला आनंदच झाला. भरमार, म्हणजे तोंडाकडून भरायच्या, रिव्हॉल्वरचं लायसन आता पैसे देऊनही मिळत नाही, आजोबांचं हत्यार न्यायानं आपल्याच घरी यायला हवं होतं, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. बापानं काम करून द्यावं, पण आधी लायसन आपल्या नावावर करायचं कबूल करून घ्यावं, असं तो जेवताना दोनदा म्हणाला. लहानू उठून अवजारांची पिशवी भरायला लागला.

त्याच्या डोक्यात दुसरंच होतं. डोमाजीबाबा हयात असताना रिव्हॉल्वर साफ करायचं काम त्याचं होतं. दर दसऱ्याला तो नंदिनीहून येई, चकरी उतरवी, कोमट पाण्यानं धुई, तेल लावून परत बसवी. मूळची पाचर झिजली तेव्हा ट्रकच्या कमानपाट्याच्या पोलादातून त्यानं नवी घडवली, तीन दिवस कानस चालवून. लहानूच्याच हातात शोभते ही, असं बाबा चारचौघांत म्हणत. बाबा वारले. दिवस झाले. आनंदरावनं पेन्शनचे आणि गावच्या जमिनीच्या फेरफाराचे म्हणून कागद पुढं केले आणि लहानूनं न वाचता सह्या केल्या. महिन्याभरानं त्याला कळलं की त्यातच एक हरकत नसल्याचा कागद होता, आणि लायसन दादाच्या नावावर झालं होतं.

त्या दिवशी तो सेक्टरमधल्या दादाच्या क्वार्टरवर गेला. दादा फर्स्ट शिफ्टला रेल मिलमध्ये होता, वहिनी बाजारात. कपाटाची किल्ली कुठं असते ते त्याला माहीत होतं. त्यानं रिव्हॉल्वर काढलं आणि पाच घरं भरली. सहावं बाबांनी शिकवल्याप्रमाणे घोड्याखाली रिकामं सोडलं. टोप्या बसवल्या. ते मांडीवर घेऊन तो दाराकडे तोंड करून बसला. दोनचा सायरन झाला. अडीचला आनंदराव सायकल टेकवून आत आला, हातात डबा. त्याला मांडीवरचं काही दिसलं नाही, लहानूनं गमछा टाकला होता. जेवला का रे, असं त्यानं विचारलं आणि तो हातपाय धुवायला मोरीत गेला. तेवढ्या वेळात लहानूनं रिव्हॉल्वर पेटीत ठेवलं, पेटी कपाटात ठेवली आणि तो निघून गेला.

भरलेलं तसंच ठेवून गेला. उद्या चिठ्ठी पाठवू, बेबीला सांगू, असं करता करता दिवस गेले. मग दादाच्या घरी काही झालं नाही, म्हणजे त्यानं पाहून रिकामं केलं असेल, असं त्यानं मनाशी धरलं. एकोणीस वर्षं तो तेच धरून होता.

*

सकाळी नऊला विक्कीची मोटारसायकल स्मृति नगरातल्या घरापुढं थांबली. रमाबाईंनी दार उघडलं. दिराचे केस पूर्ण पांढरे झाले होते आणि तो पाय ओढत चालत होता. त्यांनी या म्हटलं नाही, पण दारातून बाजूला झाल्या. लहानूनं त्यांच्या पायांना हात लावला, मग दिवाणापाशी जाऊन भावापुढं उभा राहिला. आनंदरावांचं तोंड डावीकडे ओढलेलं होतं. त्यानं पेटी कुठं आहे ते विचारलं.

विक्कीनं मात्र बसल्या बसल्या विषय काढला. बाबूजी काम करून देईल, पण दामिनीताईनं अर्ज लिहून द्यावा, की हत्यार आमाले देण्यात येत आहे, मोठेबाबूजींचा अंगठा घ्यावा, बस. रमाबाईंनी त्याला पुरतं बोलू दिलं. मग त्यांनी जुनं सगळं बाहेर काढलं. लायसनच्या कागदावर लहानूनं आपल्या हातानं सही केली होती. नंतर त्याचं मन फिरलं आणि तो रुसून बसला. सख्ख्या भावाच्या रिटायरमेंटच्या कार्यक्रमाला आला नाही, घरभरणीला आला नाही, भाऊ आडवा पडला तरी सात महिन्यांत फिरकला नाही. आता आला तोही सौदा करायला.

बेबीताई इतकी वर्षं लहानूची बाजू घेत आल्या होत्या. यावेळी त्यांनी ती घेतली नाही. लकवा मारल्याचं त्यांनीच त्याला कळवलं होतं, तीनदा फोन केला होता. दामिनीनं विक्कीला बाजूला घेऊन हिंदीत समजावलं, "भैया, पहले खाली तो होने दो. फिर जो बोलना है बोलना."

मग लहानूनं कामाचं बोलायला सुरुवात केली आणि त्याचा आवाज बदलला. मागच्या अंगणात टेबल लावा. रेतीची बादली, पाण्याची बादली, रॉकेल, जुनी फडकी. बाकी सगळे दारामागं राहतील. मदतीला एकटी दामिनी. रमाबाई नको म्हणत होत्या, पण दामिनी आधीच टेबल उचलायला गेली होती. आनंदरावांनी डावा हात हलवून हलवून बायकोला खुणावलं. त्यांना बघायचं होतं. विक्की आणि बेबीताईंनी त्यांची चाकाची खुर्ची मागच्या दारात आणून लावली.

लहानूनं पेटी उघडली. सगळ्यात आधी त्यानं चकरीच्या मागची बाजू पाहिली. पाचही निप्पलांवर टोपी नव्हती. तिथं मेण भरलेलं होतं, बोटानं नीट दाबून. त्यानं एकेका मेणावरून अंगठा फिरवला. काय झालं काका, म्हणून दामिनीनं विचारलं तेव्हा त्यानं काही नाही म्हणून मान हलवली.

नळी रेतीच्या बादलीकडे करून त्यानं घोडा अर्ध्यावर चढवला. अर्ध्यावर घोडा असला की चकरी मोकळी फिरते, असं त्यानं दामिनीला सांगितलं. ती फिरली, थोडी अडखळत. मग पाचर. तिचं डावीकडचं रुंद डोकं ठोकून ठोकून फुललेलं होतं. पाचर डावीकडून आत बसते आणि काढताना उजवीकडून, निमुळत्या टोकावर ठोकावी लागते. ज्याला माहीत नाही त्यानं डोक्यावरच ठोकली होती, आणि ती आणखी आत गच्च बसली होती.

"कोणीतरी खोलायला गेलं होतं," दामिनी म्हणाली.

"हव," लहानू म्हणाला. "बहुत खेपा."

त्यानं रॉकेल सोडलं आणि अर्धा तास थांबायला लावलं. बेबीताईंनी चहा आणून टेबलापासून लांब ठेवला. मग त्यानं पिशवीतून पितळेचा तुकडा काढला. पोलादावर पोलाद ठोकलं तर ठिणगी पडते, म्हणून पितळ. दामिनीनं दोन्ही हातांनी रिव्हॉल्वर फडक्यात धरलं. लहानूनं उजव्या हातात हातोडी घेतली. आठ-दहा हलके ठोके दिले, काही झालं नाही. त्यानं पाचरीच्या कडेची बारीक स्प्रिंग नखानं दाबली आणि पुन्हा ठोकलं. चौदाव्या-पंधराव्या ठोक्याला पाचर केसभर हलली. मग ती सरकत डावीकडून बाहेर आली.

नळी तरी दांड्यावरून सुटेना. त्यासाठी नळीखालची ठासणी वापरायची असते. ती खाली ओढली की तिचं टोक चकरीच्या तोंडाला टेकतं आणि नळी पुढं ढकलली जाते. इथं लहानू थांबला. ठासणीचं टोक दोन घरांच्या मधल्या भरीव भागावर यायला हवं, गोळीवर आलं तर बारुदीवर दाब पडेल. त्यानं चष्मा पुसला, तरी त्याला नीट दिसेना. त्यानं दामिनीला बघायला सांगितलं. तिनं चकरी थोडी फिरवली, थोडी मागं घेतली, आता बराबर मधे आहे म्हणाली. लहानूनं सावकाश जोर लावला. नळी कुरकुरत सुटली. त्यानं चकरी दांड्यावरून ओढून तळहातावर घेतली, घरी बनवलेल्या बारीक पान्यानं मागची निप्पलं एकेक करून उलगडली आणि चकरी पाण्याच्या बादलीत सोडली. पाणी काळं व्हायला लागलं.

दारात विक्की बसला होता तो उठून उभा राहिला.

*

आनंदराव खुर्चीतून पाहत होते. एकोणीस वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला त्यांनी पेटी उघडली तेव्हा टोप्या चकाकत होत्या. दामिनी तेव्हा शाळेत जात होती, पूजेची फुलं घेऊन शेजारीच उभी होती. त्यांनी झाकण लावलं, तिला बाहेर पाठवलं आणि चिमट्यानं पाचही टोप्या काढून निप्पलांवर मेण दाबून बसवलं. भरायचं कसब घरात दोघांनाच येत होतं आणि त्यातले बाबा गेले होते. ते कोणासाठी भरलं होतं हेही त्यांना कळलं. मागं एका दुपारी लहानू मांडीवर गमछा टाकून बसलेला त्यांना आठवला. रागानं ते दोन दिवस जेवले नाहीत. पोलिसात जावं असं एकदा वाटलं. पण पोलिसांनी कारण विचारलं असतं, आणि कारण सांगायचं तर ती सही आली असती. पाचर काढायचा त्यांनी चार वेळा प्रयत्न केला, घरी कोणी नसताना. पुढं दसऱ्याला पेटी बंदच पूजली जाऊ लागली. बायकोनं विचारलं तर हवा लागली की गंज धरतो म्हणून सांगितलं.

बोलता येत होतं तोवर ते बोलले नाहीत. आता बोलायचं होतं तर शब्द येत नव्हते.

दोन तासांनी लहानूनं चकरी पाण्यातून काढली. बारुदीचा चिखल झाला होता. मागून सळई घालून त्यानं एकेक गोळी पुढं ढकलली. शिशाच्या पाच गोळ्या फडक्यावर पडल्या. रमाबाई आता बाहेर आल्या होत्या. त्यांनी गोळ्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, हे तुम्ही भरून ठेवलं होतं का, कशासाठी.

"दादानं नाई, वहिनी," लहानू म्हणाला. "मीनं भरली."

त्यानं सगळं सांगितलं, उभ्यानंच. किल्ली कुठून काढली, किती भरल्या, कुठं बसला, कोणासाठी. दोन वाक्यांत थांबला असता तर चाललं असतं, पण तो भरलेलं तसंच ठेवून गेला इथपर्यंत आला, आणि नंतर कधी कळवलं नाही इथपर्यंतही. विक्की त्याचा हात धरून पुरे म्हणत होता. त्यानं हात सोडवून घेतला. बेबीताई पायरीवर खाली बसल्या.

"मायी पोरगी होती त्या घरात," रमाबाई म्हणाल्या.

"हव."

"एक डाव तरी सांगाचं होतं. मले नाई तं बेबीताईले."

मग त्यांनी नवऱ्याकडे वळून विचारलं, तुमाले माहीत होतं काय. आनंदरावांनी मान हलवली. होतं.

त्यांचे ओठ हलायला लागले. पहिल्यांदा नुसता श्वास आला. मग शब्द आला. "सही."

दामिनीला वाटलं, ठाण्याच्या पत्रावर अंगठा द्यायचा म्हणतात. ती आतून कागद आणि शाईचं पॅड घेऊन आली. त्यांनी डाव्या हातानं कागद लोटून दिला आणि लहानूकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे. "सही. मी. खोटी."

"ठाण्याच्या कागदाचं नाई म्हनत तो," लहानू म्हणाला. "माया सहीचं म्हनून राहिला."

मग तेही लहानूलाच सांगावं लागलं. रमाबाईंना ते माहीत नव्हतं. पेन्शनच्या कागदांत घालून सही घेतली, लहानूला न सांगता, हे त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं. इतकी वर्षं त्या कागदाच्या जोरावर त्या भांडत आल्या होत्या, आज सकाळीसुद्धा. हे खरं का म्हणून त्यांनी नवऱ्याला विचारलं नाही. आनंदरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांना पुसता येत नव्हतं. रमाबाईंनी ते पदरानं पुसलं आणि त्या लगेच आत निघून गेल्या.

लहानू भावाजवळ जाऊन खुर्चीच्या हाताला धरून उभा राहिला. "मले तवाच मालूम झालं होतं, दादा," तो म्हणाला. "जाऊ दे."

*

बाकी काम राहिलं होतं. चकरी वाळवून, निप्पलं परत पिळून, दांड्याला ग्रीस लावून लहानूनं ती परत बसवली. नळी लावली. पाचरीचं फुललेलं डोकं कानसून सारखं केलं आणि ती डावीकडून आत सरकवली. हातोडी घेतली नाही, अंगठ्यानंच दाबली. पाचर जास्त आत गेली तर चकरी जाम होते, कमी गेली तर नळी डुलते, हे तो दामिनीला दाखवत होता. दामिनीनं चकरी फिरवून पाहिली. सहाही घरं एकामागून एक टक टक करत आली.

अर्ज दामिनीनंच लिहिला, पण विक्कीच्या मनासारखा नाही. लायसन रद्द करावं, हत्यार सरकारजमा करून घ्यावं, असं तिनं त्यात घातलं. आनंदरावांनी अंगठा दिला. वारस म्हणून खाली लहानूची सही लागत होती. तिनं कागद पुढं केला आणि आधी वाचायला सांगितलं. त्यानं चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली, मग सही केली. विक्की रागानं रस्त्यावर जाऊन गाडीपाशी थांबला. आजोबांची एकच वस्तू, तीही आपल्याच बापानं सरकारला दिली, असं तो बेबीताईंना ऐकवत होता. बेबीताईंनी त्याला ऐकवलं की बापानं दुसरं काही केलं असतं तर तू आज जेलातल्या मुलाकातीला जात असतास. तरी त्याचा राग गेला नाही. पुढं कितीतरी महिने तो बापाशी नीट बोलला नाही.

चारला दामिनी ठाण्यात जाऊन आली. ओमप्रकाशनं चकरी फिरवून, प्रत्येक घरातून आरपार उजेड पाहून पावती दिली.

लहानू निघायला उठला. सकाळपासून त्यानं त्या घरी काही खाल्लं नव्हतं आणि कोणी आग्रहही केला नव्हता. त्यानं भावाच्या खांद्यावर हात ठेवला, बहिणीला येतो म्हणाला आणि चपला घालायला दारात वाकला. रमाबाई तिथं उभ्या होत्या.

"उद्या दहाले फिजिओथेरपीवाला येते," त्या म्हणाल्या. "ह्यायले उभं करा लागते. आमच्या दोघींच्यानं होत नाई, दामिनी कामावर असते."

लहानूनं चप्पल हातात धरून वर पाहिलं.

"माफ केलं म्हनून नाई सांगत," त्या म्हणाल्या. "उचलाले मानूस पायजे म्हनून सांगून राहिली."

"साडेनवाले येतो," तो म्हणाला.